अक्रोड आणि उणे दोन

फळ्यावर घंटेचा आकार काढला
तर मागच्या बाकावरून जोलदोश म्हणाला,
ही आमच्या गावामागची टेकडी, एजे.
अर्सलानबॉबच्या वाटेवरून अशीच दिसते.
बरं, म्हटलं, टेकडीच. चढू या.

जलालाबादचं नर्सिंग कॉलेज, सोमवारचा शेवटचा तास.
रेडिएटर गार, मुली कोटातच बसलेल्या.
गृहपाठ एवढाच होता :
प्रत्येकानं घरून पाच अक्रोड आणायचे.
वीस जणांचे शंभर,
औषधांच्या जुन्या तराजूवर एकेक ठेवत गेलो.
सात ग्रॅम. बारा. दहा. अकरा. अकरा.
टेबलावर ज्याच्या त्याच्या रांगेत.

मध्ये गर्दी, कडेला तुरळक.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना मध्ये जमायला.
ऊन वेगळं, फांदी वेगळी, खारीनं सोडलेलं वेगळं,
आणि तरी अकराभोवती अशी दाटी,
जशी थंडीत चुलीभोवती होते.

सरासरी अकरा. प्रमाण विचलन दोन.
नऊ ते तेरा ग्रॅममध्ये, पुस्तक म्हणतं, अडुसष्ट हवेत.
आमचे भरले सहासष्ट.
दोन कुणीतरी खाल्ले असणार.

मग चोल्पोननं विचारलं तिच्या गुणांचं.
शरीररचनेत एकसष्ट, म्हणून घरी बोलणी बसलेली,
भाषेत चौऱ्याहत्तर, म्हणून पाठीवर हात.
मी म्हटलं, थांब. वर्ग कुठे उभा होता ते आधी बघ.
शरीररचनेची सरासरी बावन्न, विचलन सहा :
तू दीड पावलं पुढे.
भाषेत सगळेच सत्तरच्या आसपास, विचलन आठ :
तू अर्धं पाऊल.
ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली.
मग एकसष्टभोवती तिनं पेनानं गोल केला,
दोनदा.

झेड म्हणजे एवढंच.
तू किती, हे तो विचारत नाही.
तुझ्या माणसांपासून किती पावलांवर, कोणत्या बाजूला,
आणि पाऊल केवढं, तेही तुझ्याच माणसांचं.

तेवढ्यात जोलदोशनं खिशातून एकशे एकावा काढला.
दिसायला इतरांसारखाच.
काटा एकतीसवर.
वर्ग उठून उभा राहिला.
इतरांच्या मोजमापानं झेड अधिक दहा!
एकट्यानं त्यानं विचलन दोनाचं जवळजवळ तीन केलं,
सरासरीला बाहीला धरून आपल्याकडे ओढलं.
निसर्ग इतका लांब जात नाही, मी म्हटलं,
आणि त्याच्याकडे बघत राहिले.
कबूल झाला. लहानपणी शिसं ओतलं होतं आत,
मेंढीच्या हाडात ओततात तसं,
खेळात नेम बसावा म्हणून.
कधी हरला नाही म्हणे.

हसणं ओसरल्यावर मी ते सांगितलं
जे कधी सांगत नाही.
माझ्या बाळपणीचं कार्ड, पिवळं पडलेलं.
पगार पिठाच्या पोत्यात मिळायचे ते वर्ष.
दवाखान्यातल्या बाईनं वजनापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं :
उणे दोन पूर्णांक तीन.
आईला वाटलं, पोरीला नापास केलं.
कार्ड उशीखाली दडवून ठेवलं तिनं.
तिला कुणी सांगितलं नाही
की ती आडवी रेघ निकाल नसते,
दिशा असते.
बाई बोट करून दाखवत होती : इकडे, या टोकाला,
इकडे या लवकर.

पुढच्या वर्षी तुम्ही खेड्यापाड्यांत जाल.
तराजूच्या झोळीत मूल रडेल, काटा हलेल,
तुम्ही तक्त्यावर एक ठिपका द्याल.
टेकडीचा माथा बघायला सगळेच येतात.

चोल्पोननं हात वर केला.
उणे दोनचं पुढे काय होतं, एजे?

उत्तर माझ्या अंगात होतं,
चाळीस वर्षांचं, त्रेसष्ट किलोचं,
पण एका अक्रोडावरून कुणी बाग सांगत नाही.
मी म्हटलं, सगळ्यांचं सारखं नाही होत.

मग शंभरही फोडून खाल्ले.
टेकडी गेली, टरफलं राहिली.
शिशाचा तेवढा माझ्या टेबलावर आहे,
उत्तरपत्रिका उडू देत नाही.